कळावे

मा. अध्यक्ष, न्याय समिती,
लिंकन, नेब्रास्का, यांस—

पत्रास कारण की
तीन मिनिटांत माझं बोलणं संपलं नाही.
लाल दिवा लागला तेव्हा मी अजून
दुधाच्या फ्रीजपाशीच पोचले होते.
उरलेलं लिहून पाठवते.

काउंटीच्या तुरुंगातून फोन यायचा, यंत्राचा.
बाईचा आवाज, न थकणारा :
कैद्याच्या ताब्यात बदल झाला आहे.
चार आकडे दाबेपर्यंत तो पिच्छा सोडत नाही,
जेवताना, अंघोळीत, पहाटे तीनला.
आकडे आपले आपण निवडायचे.
मी ट्रेंटची जन्मतारीख दिली होती.
म्हणजे दर वेळी त्याला जन्माला घालायचं
आणि मग फोन ठेवायचा.

मार्चमध्ये फोन गप्प झाला.
प्लॅटच्या वाळूवर क्रौंच उतरले होते, लाखांनी,
त्यांच्या ओरडण्यात मला वाटलं, वाजला असेल, ऐकू आला नसेल.
मीच फोन केला.
तो आता आमच्याकडे नाही, कारकून म्हणाला,
इमिग्रेशनवाले घेऊन गेले,
त्यांची वही वेगळी.
कुठे नेलंय?
ते सांगता येत नाही, मॅडम.

आणि जूनमध्ये, मंगळवारी,
दोन टक्केवालं दूध घ्यायला मी फ्रीजचं दार उघडलं
तर काचेत तो.
वाळला होता. शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा.
जामिनावर सुटून बारा दिवस झाले होते,
हे मला गल्ल्यावरच्या पोरीनं सांगितलं.
त्यानं मला ओळखलं.
गाडा तिथेच सोडून तो गेला,
गाड्यात डायपर होते, आणि केळी.
फ्रीजचं दार मी किती वेळ धरून उभी होते कोण जाणे,
काच धुरकटली.

तुमच्या विधेयकाचं तिसरं कलम मला पाठ आहे :
हलवला, सोडला, देशाबाहेर काढला,
तर चोवीस तासांत आप्तांना कळवावे.
त्यासाठी मी पुन्हा येईन, वाटेत बर्फ असलं तरी.

दुसरं कलम, नुसता आरोप असला तरी
जामीन नाही, कुणालाच नाही.
त्याबद्दल मला विचारू नका.
काही रात्री मला वाटतं, तो तिथेच म्हातारा व्हावा.
काही रात्री ती केळी आठवतात.
तुम्ही दोन्ही कलमं एकाच दाव्याला बांधलीत
आणि दाव्याच्या टोकाला माझ्या मुलाचा फोटो.
फोटोखालचं नाव सिनेटर तीनदा चुकीचं बोलले.
कुचेरा. कुकेरा नाही.
चेक लोक आहोत आम्ही, माझे सासरे सांगायचे,
पणजोबांचं नावसुद्धा बंदरावर कुणीतरी असंच मोडून लिहिलं होतं,
नीट करून घ्यायला दोन पिढ्या गेल्या.

बाहेर मशीननं माझी नाणी गिळली.
मागे उभ्या बाईनं मशीनच्या कुशीत एक बुक्की मारली, कॉफी आली.
मग तिच्या छातीवरची चिठ्ठी वाचली : नोएमी चोक. विधेयकाच्या विरोधात.
आडनाव मी वर्षभर कागदांवर वाचत होते.
तिनंही माझी चिठ्ठी वाचली.
ती म्हणाली, मोडक्या इंग्रजीत,
अकरा दिवस मलाही माहीत नव्हतं ते त्याला कुठे नेलेत.
कत्तलखान्यातल्या पाळीत फोन कमरेला बांधून उभी राहायचे.
मी काही बोलले नाही.
माफ वगैरे केलेलं नाही, तसं कुठे लिहू नका.
कॉफी मात्र प्यायले.

तर एवढंच.
कोण कुठल्या कोठडीत, कुठल्या विमानात,
कुठल्या दुकानात दुधापाशी,
त्या न थकणाऱ्या बाईला सांगायला सांगा.
मी आकडे दाबीन.
शून्य नऊ एक सात.

कळावे.
लोभ नसला तरी चालेल,
पण कळावे.

आपली,
लोरीन कुचेरा